खेळणाऱ्या मुलांची शुगर : टोरांटो ते वाळूज

३१ जानेवारी १९९९. चेन्नईच्या चेपॉक मैदानावर भारताला जिंकायला २७१ धावा हव्या होत्या. पाठ धरलेली असतानाही सचिन १३६ धावांपर्यंत पोचला होता. सकलेन मुश्ताकच्या चेंडूवर त्याने उंच फटका मारला आणि तो झेल वसीम अक्रमने घेतला. मग आपण १२ धावांनी हरलो. माझ्या वयाच्या लोकांना तो झेल अजून आठवतो. मात्र एक गोष्ट त्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. तो झेल घेणारा माणूस तेव्हा रोज इन्सुलिन घेत होता. १९९७ मध्ये, ऐन तिशीत, वसीमला मधुमेहाचं निदान झालं होतं. तरीही २००३ च्या विश्वचषकात एकदिवसीय क्रिकेटमध्ये ५०० बळी घेणारा पहिला गोलंदाज तोच ठरला. म्हणजे निदानानंतर सहा वर्षांनी.

हे मी माझ्या ओपीडीत आईवडिलांना सांगतो, तेव्हा उत्तर ठरलेलं असतं. "डॉक्टरसाहेब, तो वसीम अक्रम. आमची पोरगी नववीत आहे, शाळेच्या कबड्डीच्या संघात आहे. तिला कुठं काय झालं म्हणजे?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. मोठ्या खेळाडूच्या मागे फिजिओ असतो, डॉक्टर असतो. लासूर स्टेशनच्या मुलीमागे तिची आई असते आणि शाळेचे सर असतात. त्या सरांना बहुतेक वेळा काही सांगितलेलंच नसतं. पण या प्रश्नाचं उत्तर कुणा एका डॉक्टरच्या मतावर अवलंबून नाही. गेल्या शंभर वर्षांत ते टप्प्याटप्प्याने मिळत गेलं आहे. म्हणून आज औषधांची यादी बाजूला ठेवून हा इतिहासच सांगतो.

आधी एक गोंधळ दूर करू. गावात "शुगर" म्हटलं की डोळ्यांपुढे पोट सुटलेले काका येतात. चाला, गोड बंद करा, कारल्याचा रस घ्या, हे सल्ले त्यांच्यासाठीचे. लहान वयात होणारा मधुमेह बहुधा टाइप १ असतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. मुलाने जास्त गोड खाल्लं म्हणून हा आजार होत नाही, आणि तो चालण्याने किंवा कारल्याने जातही नाही. त्याला इन्सुलिन लागतं, रोज लागतं आणि आजच्या घडीला जन्मभर लागतं.

हा फरक आपल्याकडे फार जुन्या काळी कुणाच्या तरी लक्षात आला होता. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मजात, त्यातला रोगी कृश असतो. दुसरा चुकीच्या आहारविहाराने होणारा, त्यातला रोगी स्थूल असतो. कृश रोग्याला नीट खाऊपिऊ घाला आणि स्थूल रोग्याला कमी खायला द्या व कष्ट करायला लावा, असं तिथे म्हटलं आहे. त्या कष्टांत कुस्ती आहे, लांबवर चालणं आहे, गरीब रोग्याने विहीर खणावी असंसुद्धा आहे. जन्मजात प्रकार म्हणजे आजचा टाइप १, असं म्हणण्याचा मोह मी टाळतो. पण सगळ्या मधुमेह्यांना एकच नियम लावू नये, एवढं त्या वैद्यांना दिसलं होतं. आपण मात्र अजूनही नववीतल्या मुलीला आजोबांचं पथ्य लावतो.

इन्सुलिन येण्याआधीचा काळ आठवावासा वाटत नाही. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी १९१० च्या दशकात उपासमारीचा उपचार सुरू केला होता. खाणं इतकं तोडायचं की लघवीत साखर उतरू नये. मुलं हाडांचा सापळा व्हायची, पण काही महिने, फार तर एखाददोन वर्षं जास्त जगायची. त्यांच्या बाबतीत खेळाचा विषयच नव्हता.

मग टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळं काढलं. ११ जानेवारी १९२२ ला ते पहिल्यांदा टोचलं गेलं, लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला. तो १४ वर्षांचा होता आणि वजन तीस किलोच्या आतबाहेर. पहिला अर्क अशुद्ध निघाला, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा सुरुवात केली, तेव्हा मुलाची साखर उतरली. लिओनार्ड त्यानंतर १३ वर्षं जगला. इन्सुलिनचा पहिला रुग्ण किशोरवयीन होता, ही गोष्ट मी शाळांमधल्या व्याख्यानात मुद्दाम सांगतो.

मुलं जगू लागली, अंगाला लागू लागली आणि साहजिकच खेळायला निघाली. इथून नवी भानगड सुरू झाली.

लंडनमधले डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते. मरणाच्या तयारीने ते इटलीत जाऊन राहिले होते. १९२३ मध्ये इन्सुलिन आल्याचं कळल्यावर ते लंडनला परतले आणि वाचले. १९२६ मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा लेख लिहिला. व्यायामामुळे इन्सुलिनचा परिणाम वाढतो, हा त्याचा विषय. तेच इन्सुलिन, तेच जेवण, पण श्रम केले की साखर जास्त खाली येते. आज हे कुणालाही साधं वाटेल. पण मैदानावर मुलगा अचानक घामाघूम का होतो, हातपाय का थरथरतात, चिडचिड का करतो, डोळ्यांपुढे अंधारी का येते, याचं उत्तर या लेखात होतं. काम करणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतो. निरोगी माणसाचं स्वादुपिंड अशा वेळी आपलं इन्सुलिन लगेच कमी करतं. सुईने टोचलेलं इन्सुलिन मात्र कमी करता येत नाही, ते आपलं काम करतच राहतं. याच घटनेला आपण "हायपो" म्हणतो, म्हणजे साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणं.

डॉक्टरांनी यातून दोन वेगवेगळे अर्थ काढले. बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन म्हणायचे की आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे एकाच रथाचे तीन घोडे आहेत. पण गावोगावच्या बहुसंख्य डॉक्टरांनी सोपा रस्ता धरला : खेळ बंद. भांडण नको, जोखीम नको. हा सल्ला द्यायला डॉक्टरला काहीच मोजावं लागत नाही, आणि मुलाला मात्र सगळंच. आजही तो सल्ला मिळतो, म्हणून पुढच्या दोनतीन माणसांच्या गोष्टी महत्त्वाच्या.

बिली टॅल्बर्ट हा अमेरिकन मुलगा १९२८ मध्ये, दहाव्या वर्षी मधुमेही झाला. त्याला बेसबॉल सोडायला लावलं होतं. काही वर्षांनी वडिलांनी त्याच्या हातात टेनिसची रॅकेट दिली. पुढे गार्डनर मुलॉयबरोबर त्याने अमेरिकेची दुहेरीची राष्ट्रीय स्पर्धा चार वेळा जिंकली, १९४२, १९४५, १९४६ आणि १९४८ मध्ये. त्या काळी ग्लुकोमीटर नव्हता. मग तो सांभाळायचा कसा? एक तर सामन्याच्या वेळी साखर जवळ असायची. दुसरं म्हणजे मुलॉयला सगळं ठाऊक होतं. एका सामन्यात टॅल्बर्टचे पाय लडखडू लागले, सोपे फटके चुकू लागले. काय चाललंय हे प्रेक्षकांना कळेना. मुलॉयला कळलं आणि तो साखरेचं पाणी घेऊन धावला. टॅल्बर्ट १९९९ पर्यंत जगला, ८० वर्षं. १९२८ मध्ये निदान झालेल्या मुलासाठी हे आयुष्य थोडंथोडकं नव्हे.

बॉबी क्लार्क कॅनडाचा. आइस हॉकी हा बर्फावरचा खेळ आपल्या ओळखीचा नाही, पण त्यातली धक्काबुक्की कबड्डीला लाजवेल अशी असते. शाळकरी वयातच त्याला टाइप १ झाला. खेळात तो इतका पुढे होता की व्यावसायिक संघांनी त्याला लगेच उचलायला हवं होतं. पण मधुमेहाचं नाव ऐकून ते मागे सरत. तेव्हा त्याचे प्रशिक्षक पॅट गिनेल त्याला अमेरिकेतल्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकला घेऊन गेले. नीट काळजी घेतली तर हा मुलगा व्यावसायिक हॉकी खेळू शकतो, असं त्यांनी तिथल्या डॉक्टरांकडून लेखी घेतलं. तरीही १९६९ च्या निवडीत त्याचा नंबर सतरावा लागला. फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला घेतलं आणि पहिल्याच सराव शिबिरात तो कोसळला. कारण अगदी साधं होतं : सकाळी न्याहारी केली नव्हती.

कुठल्याही संघाने त्याला तिथूनच घरी पाठवलं असतं. पण फ्रँक लुईस नावाच्या ट्रेनरने हिशेब मांडला. सामन्याआधी कोकाकोलाची बाटली, त्यात वर तीन चमचे साखर. मधल्या विश्रांतीत साखर घातलेला संत्र्याचा रस. संपल्यावर पुन्हा रस. ट्रेनरच्या पिशवीत कायम चॉकलेट आणि ग्लुकोजची ट्यूब. याच खेळाडूच्या नेतृत्वाखाली संघाने १९७४ आणि १९७५ चा स्टॅन्ली कप जिंकला, आणि तीन वेळा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या कोकाकोलाच्या आकड्यांची नक्कल कुणी करू नये. तेव्हा मोजण्याचं साधन हाताशी नव्हतं, अंदाजाने साखर ओतली जाई. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते गिनेल यांचं लेखी पत्र आणि लुईस यांची पिशवी.

आता उलटी गोष्ट. रॉन सँटो हा शिकागोचा बेसबॉलपटू. १८ व्या वर्षी निदान झालं. कळलं तर संघातून काढतील, या भीतीने त्याने आजार लपवला. मोठ्या लीगमध्ये नावारूपाला येऊनही अनेक वर्षं तो गुपचूप इन्सुलिन घेत होता. १९७१ मध्ये त्याने ते जाहीर केलं. मैदानावर साखर कमी झाल्याने नजर धूसर व्हायची, एकाऐवजी तीन चेंडू दिसायचे, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. त्याचे खेळाचे आकडे उत्तमच आहेत. पण उतारवयात मधुमेहामुळे त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले, २००१ आणि २००२ मध्ये. हे लपवण्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, त्या काळातली साधनंच तोकडी होती. पण चारचौघांत आपली शुगर तपासायचीही सोय नसलेला खेळाडू ती ताब्यात कशी ठेवणार?

आपल्याकडे लपवण्याचं कारण संघ नसतो, लग्न असतं. मुलगी असेल तर नातेवाइकांनासुद्धा सांगत नाहीत. शाळेत इन्सुलिनचा डबा जात नाही, डब्यातलं खाणं वेळेवर खाल्लं जात नाही, आणि खेळाच्या तासाला मुलगी चक्कर येऊन पडली की "ऊन लागलं" म्हणून तिला सावलीत झोपवतात. साखर कमी झालेल्या मुलाला सावलीची नाही, साखरेची गरज असते. स्पष्टच सांगतो, माझ्या मते कबड्डीपेक्षा हे गुपित त्या मुलीला जास्त धोक्याचं आहे.

मोजण्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण खरा बदल तिथे झाला. मी घाटीत शिकत होतो तेव्हा वॉर्डात परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं, हे विद्यार्थ्याचं काम असे. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी अशी पायरी चढत जाई. १९०८ ची ही पद्धत आमच्या हातात होती. पण लघवी सांगते ती काही तासांपूर्वीची गोष्ट, आणि कमी झालेली साखर तर तिला सांगताच येत नाही. ५० असो की ११०, रंग निळाच. म्हणजे खेळाडूला जे सर्वांत जास्त हवं, नेमकं तेच तिच्याकडे नव्हतं. रक्ताच्या थेंबावरची पट्टी १९६० च्या दशकात आली, ती वाचणारं यंत्र १९७० च्या सुमारास आलं, आणि ते रुग्णाच्या घरात पोचायला आणखी दहाएक वर्षं गेली. लासूरसारख्या गावात त्याहून पुष्कळ जास्त.

मोजता येऊ लागल्यावर व्यायामातली कोडी एकेक करून सुटली. १९७७ मध्ये जर्मनीत मिखाएल बर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शरीरात इन्सुलिन पुरेसं असेल तरच व्यायामाने साखर उतरते. इन्सुलिन चुकलेलं असेल आणि कीटोन वाढलेले असतील, तर त्याच व्यायामाने साखर आणि कीटोन दोन्ही वर चढतात. "शुगर ३५० आहे, मग जा, चार चकरा पळून ये" हे सांगणं टाइप १ च्या मुलाला म्हणूनच धोक्याचं. आधी इन्सुलिन राहिलं का ते बघा, कीटोन तपासा.

१९७८ मध्ये कोइव्हिस्टो आणि फेलिग यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच पायांचा व्यायाम केला तर ते जास्त वेगाने रक्तात शिरतं. पळायला जाण्याआधी मांडीऐवजी पोटात टोचा, असं आम्ही सांगतो ते यामुळे. आमच्याकडे पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे रस्त्याने पळणारी मुलं बघितली की मला हा शोध हमखास आठवतो.

आणि १९८७ चा एक अभ्यास, जो मी प्रत्येक आईला सांगतो. एम. जे. मॅकडोनाल्ड यांनी लिहिलं की व्यायामानंतरचा हायपो बऱ्याचदा मैदानावर येत नाही, तो सहा ते पंधरा तासांनी येतो. खर्च झालेला साठा स्नायू आणि यकृत रात्रभर भरून काढत असतात. संध्याकाळी पाचला सामना झाला तर धोका मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. सामन्याच्या रात्री झोपताना साखर तपासायची, कमी वाटली तर दूध-भाकरीसारखं सावकाश पचणारं काहीतरी द्यायचं, आणि शक्य असेल तर पहाटे दोनतीनला पुन्हा तपासायचं. रात्रीचा डोस त्या दिवशी किती कमी करायचा, हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवून ठेवायचं.

कबड्डी-खो-खोवाल्यांसाठी एक गमतीचा शोध ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. २००६ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की मध्यम व्यायामानंतर फक्त दहा सेकंद जीव तोडून धावलं तर साखरेची पुढची घसरण काही काळ थांबते. अशा झटक्याच्या श्रमात ॲड्रिनलिनसारखी संप्रेरकं उसळतात आणि यकृत साखर सोडतं. म्हणून पाच किलोमीटर एका लयीत पळणाऱ्या मुलाची शुगर उतरते, आणि ३० सेकंदांच्या चढाया करणाऱ्या मुलीची सामन्यानंतर कधीकधी २५० दिसते. काही आईवडील हा आकडा बघून घाबरतात आणि ताबडतोब जादा इन्सुलिन देतात. मग रात्री ती मुलगी हायपोत जाते. सामन्याच्या ताणानेही शुगर चढते, सरावाच्या दिवशी चढत नाही तेवढी. थोडं थांबा, पुन्हा तपासा. त्यात हे वय वाढीचं. वाढीच्या संप्रेरकांमुळे या काळात इन्सुलिनची गरज वाढते, मुलींमध्ये पाळीच्या आसपास बदलते. मागच्या वर्षीचा डोस या वर्षी चालेलच असं नाही, आणि त्यात मुलीचा दोष नसतो.

१९९३ मध्ये अमेरिकेतला डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १३ ते ३९ वयाचे टाइप १ चे रुग्ण होते. साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांचं नुकसान खूप कमी होतं, हे निर्विवाद सिद्ध झालं. पण त्याच गटात तीव्र हायपो सुमारे तिपटीने वाढले. काटेकोरपणाची किंमत वारंवार मोजणी ही आहे, हे तिथून सगळ्यांना कळलं. १९९९ मध्ये अमेरिकन जलतरणपटू गॅरी हॉल याला निदान झालं, तेव्हा त्याला आधी कारकीर्द संपल्याचं सांगण्यात आलं होतं. मग त्याला सरावात पुन्हा पुन्हा पाण्याबाहेर येऊन साखर तपासायला लावणारी डॉक्टर भेटली. २००० आणि २००४ च्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्याच्या गळ्यात होतं.

आता वाळूज. इन्सुलिन साठेक वर्षं गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलं जाई. १९८२ मध्ये जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून विकायला सुरुवात झाली, पण ते परदेशी होतं, महाग होतं. २००३ मध्ये वोक्हार्ट कंपनीने भारतात तयार केलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. ते तयार होत होतं आपल्या जिल्ह्यात, वाळूजच्या एमआयडीसीत. म्हणजे आपल्याच गंगापूर तालुक्यात! टोरांटोहून निघालेली ही गोष्ट ८१ वर्षांनी आपल्या शेजारी येऊन पोचली. मला याचा अभिमान वाटतो, आणि माझ्या रुग्णांना ते सांगितलं की त्यांनाही गंमत वाटते.

पण इन्सुलिन जवळ आलं तरी दोन अडचणी आपल्याच आहेत. पहिली, आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या ४० युनिटच्या असतात आणि पेनातलं काडतूस १०० युनिटचं. ४० ची बाटली असेल तर सिरिंजही ४० चीच हवी, लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची १०० ची. अदलाबदल झाली की डोस चुकतो, आणि खेळाच्या दिवशी तो चुकला तर महागात पडतं. दुसरी अडचण मराठवाड्याचा उन्हाळा. तालुक्याच्या स्पर्धेला मुलांच्या बॅगा दिवसभर उन्हात पडलेल्या असतात. चाळीस अंशांत तापलेलं इन्सुलिन आपली ताकद गमावतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. फ्रीज नसेल तर ओल्या मडक्यात ठेवा, मैदानावर ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. बर्फाला मात्र थेट चिकटवू नका.

मैदानावर उतरताना आकडा किती असावा, यावर २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून एक मार्गदर्शक लेख लिहिला. त्याचा गाभा असा. लांब पल्ल्याचं पळणं असेल तर सुरुवातीला साखर साधारण १२६ ते १८० असणं बरं. ९० च्या खाली असेल तर आधी १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घ्या, म्हणजे दोन ते चार चमचे, आणि ९० च्या वर गेल्याशिवाय सुरू करू नका. ९० ते १२५ मध्ये असेल तर दहाएक ग्रॅम घेऊन उतरा. २७० च्या वर असेल आणि कारण कळत नसेल तर कीटोन तपासा. ते वाढलेले असतील तर त्या दिवशी खेळ नाही. मागच्या २४ तासांत मोठा हायपो येऊन गेला असेल तरीही नाही. आता दंडावर चिकटवायचे सेन्सर मिळतात, त्यात आकड्याबरोबर साखर चढतेय की उतरतेय याचा बाणही दिसतो. परवडत असेल तर खेळणाऱ्या मुलासाठी त्यासारखं दुसरं साधन नाही. परवडत नसेल तर सामन्याआधी, मध्यंतरात, संपल्यावर आणि झोपताना अशा चार वेळा बोट टोचूनही काम होतं. आपल्याकडे अनेक मुलं सकाळ-संध्याकाळ ३०/७० चं मिश्र इन्सुलिन घेतात. ते एकदा टोचलं की त्यातला फक्त एक भाग कमी करता येत नाही, त्यामुळे या मुलांना सरावाची वेळ ठरलेली ठेवणं आणि आधी खाणं जास्त गरजेचं.

साखर उतरली तर साखरच द्या. शेंगदाण्याची चिक्की किंवा चॉकलेट पटकन चढत नाही, त्यातल्या तेला-तुपामुळे वेळ लागतो. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा.

टाइप १ च्या मुलांना आणि आईवडिलांना हे सगळं शिकवण्याचं काम छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची "उडान" ही संस्था करते. लासूरहून शहर चाळीसेक किलोमीटरवर आहे, एकदा जाऊन याच. आपल्यासारखंच इन्सुलिन घेणारी दहा मुलं एकत्र बघितली की मुलीचा चेहरा बदलतो, तेवढं माझ्या तासाभराच्या बोलण्याने होत नाही.

ज्यांची मुलं राष्ट्रीय पातळीवर पोचली आहेत त्यांच्यासाठी एक महत्त्वाची सूचना. निरोगी खेळाडू ताकदीसाठी इन्सुलिनचा गैरवापर करतात म्हणून १९९८ पासून ते खेळातल्या बंदी घातलेल्या औषधांत आहे. मधुमेही खेळाडूला ते घेण्याची परवानगी मिळते, पण "नाडा"कडे आधी अर्ज करून, निदानाचे कागद लावून. निवड झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा फाइल आधीच तयार ठेवा.

शाळेच्या बाबतीत काम त्याहून सोपं आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहून कळवलं आहे की टाइप १ च्या मुलाला वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळेचं खाऊ द्यावं, परीक्षेतसुद्धा. आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळात भाग घेऊ द्यावा. पॅट गिनेल यांना १९६९ च्या आधी जे पत्र मिळवायला मेयो क्लिनिक गाठावं लागलं, ते तुम्हाला तुमच्या डॉक्टरांकडून एका भेटीत मिळेल. मराठीत, एका पानावर लिहून घ्या : मुलाला काय आहे, साखर उतरल्यावर तो कसा दिसतो, पिशवीच्या कुठल्या कप्प्यात ग्लुकोज आहे, कुणाला फोन करायचा. दोन प्रती काढा. एक मुख्याध्यापकांना द्या, आणि दुसरी खेळाच्या सरांच्या हातात, ग्लुकोजच्या पुड्यासकट.